आडवाटेच्या विषयांचे चर्चागट : शोध आणि पारख

रेल्वे इंजिनांचे वर्गीकरण, सह्याद्रीतील नेचे आणि ऑर्किड, मोडी कागदपत्रांचे वाचन, द्राक्षबागेतील रोग किंवा जुन्या रेडिओंची दुरुस्ती अशा एखाद्या मर्यादित विषयात खोल शिरू पाहणाऱ्या माणसाला एका टप्प्यानंतर पुस्तके अपुरी पडू लागतात. कारण पुस्तक सर्वसाधारण नियम सांगते आणि त्याच्यापुढचा प्रश्न मात्र एका विशिष्ट इंजिनाचा, एका पानावरच्या डागाचा किंवा काही केल्या न लागणाऱ्या एका अक्षराचा असतो. पूर्वी अशा प्रश्नांची उत्तरे जाणकारांच्या ओळखीतून मिळत आणि ज्याला तशी ओळख नसे त्याचा प्रश्न तसाच राही. आंतरजालावरील एकेका विषयाला वाहिलेल्या चर्चागटांनी ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली आहे. चर्चागट या शब्दाने येथे असे स्थळ अभिप्रेत आहे, की जिथे कोणी प्रश्न किंवा निरीक्षण मांडतो, इतर त्यावर लेखी प्रतिसाद देतात आणि ही देवाणघेवाण नंतर येणाऱ्यांना वाचता येईल अशी साठून राहते. प्रश्न आणि त्याखालचे सर्व प्रतिसाद मिळून जी साखळी तयार होते तिला मराठी संस्थळांवर ‘धागा’ म्हणतात, आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

गट निवडताना बहुतेक जण आधी सदस्यसंख्या पाहतात. हा निकष जवळजवळ निरुपयोगी आहे. लाखभर सदस्यांच्या गटात एखाद्या फुलाच्या छायाचित्राखाली ‘सुंदर’ असे दोनशे प्रतिसाद येऊ शकतात आणि वनस्पतीचे नाव कोणालाच सांगता येत नाही, तर शंभर-सव्वाशे सदस्यांच्या गटात त्याच फुलाची जात, पोटजात आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीपासूनचा फरक अर्ध्या दिवसात हाती पडतो. गटाची खरी परीक्षा चुकीच्या विधानाशी असते: तिथे कोणी चुकीचे काही लिहिले तर ते किती वेळात, कोणाकडून, कोणत्या पुराव्याने आणि कोणत्या भाषेत दुरुस्त केले जाते, हे पाहिले की गटाची योग्यता बरीचशी कळते. गट शोधण्याची आणि पारखण्याची पुढील सारी रीत या एका कसोटीभोवती रचलेली आहे.

या कसोटीवर उतरलेल्या गटाचे एक ठळक उदाहरण खगोलशास्त्रातील आहे. 2007 च्या जुलैमध्ये ‘गॅलक्सी झू’ हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ या आकाशपाहणीतून मिळालेल्या सुमारे 10 लाख दीर्घिकांची चित्रे सर्वसामान्य लोकांकडून आकारानुसार वेगळी करून घेणे एवढाच त्याचा हेतू होता. सहभागी लोकांना आपसांत बोलता यावे म्हणून एक चर्चापीठही जोडलेले होते. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या नेदरलँड्समधील शिक्षिकेने एका दीर्घिकेशेजारी दिसणाऱ्या निळसर डागाविषयी विचारणा केली आणि तो डाग पुढे, शेजारच्या दीर्घिकेच्या पूर्वीच्या सक्रिय केंद्राने उजळलेला वायूचा प्रचंड ढग असल्याचे ठरले. त्याहून बोधप्रद गोष्ट हिरव्या ठिपक्यांची आहे. काही सदस्यांना चित्रांत अगदी लहान, गोल, वाटाण्यासारखे हिरवे ठिपके दिसू लागले, त्यांनी थट्टेने त्यांचा एक धागा काढला आणि सुरुवातीला कोणीही काहीही आणून त्यात टाकू लागला. परंतु थोड्याच काळात त्यांतल्या काहींनी या ठिपक्यांचे वर्णपट तपासून खरा ‘वाटाणा’ कोणता आणि नुसताच हिरवा दिसणारा तारा कोणता, याचे निकष बांधले आणि न बसणाऱ्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. 2009 मध्ये व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी या ठिपक्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा अतिशय वेगाने ताऱ्यांची निर्मिती करणाऱ्या छोट्या दीर्घिकांचा एक वर्ग म्हणून त्यांना मान्यता मिळाली. येथे हौशी मंडळींनी शोध लावला याचेच कौतुक अधिक होते, पण त्यांनी आपल्याच धाग्यातील चुकीच्या नोंदी निर्ममपणे काढून टाकल्या नसत्या तर शास्त्रज्ञांच्या हाती वापरण्याजोगे काही आले नसते.

असे गट शोधावयाचे कसे, हा पुढचा प्रश्न. शोधयंत्रात विषयाचे नाव घालून त्यापुढे ‘ग्रुप’ किंवा ‘फोरम’ असे लिहिण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि तिने हाती लागतात ते बहुधा जाहिरातींनी भरलेले, पहिल्या पानावर येण्याचे तंत्र साधलेले गट. त्यापेक्षा आपला नेमका, अवघड प्रश्न त्या क्षेत्रातल्या माणसांच्या शब्दांत लिहून शोधणे कितीतरी फलदायी ठरते. द्राक्षाच्या पानावर पांढरे डाग पडले आहेत असे लिहिणाऱ्याला औषधविक्रीची पाने दिसतील; परंतु ‘भुरी’ आणि ‘केवडा’ हे बागायतदारांचे शब्द माहीत असतील, आणि भुरीत पानावर राखेसारखी भुकटी येते तर केवड्यात वरून तेलकट पिवळसर डाग व खालून पांढरी बुरशी दिसते हा फरक ध्यानात घेऊन शोध घेतला, तर प्रत्यक्ष बागेत उभे राहून बोलणाऱ्या माणसांच्या चर्चा सापडू लागतात. दुर्गप्रेमींच्या बाबतीतही हेच आहे. ‘किल्ल्याचा दरवाजा’ या शब्दांनी सहलीची वर्णने मिळतात, आणि ‘गोमुखी’ हा शब्द घातला की प्रवेशद्वाराच्या बांधणीवर वाद घालणारे लोक भेटतात. ज्याला अजून असे शब्दच ठाऊक नाहीत त्याने प्रथम विषयावरील एखादे चांगले पुस्तक किंवा विश्वकोशातील नोंद वाचून दहा-पंधरा पारिभाषिक शब्द टिपून घ्यावेत. गट शोधण्यापूर्वीची ही तयारी पुढे प्रश्न विचारतानाही उपयोगी पडते.

मराठीतून शोध घेताना काही अडचणी विशेष आहेत. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच वाचता यावीत यासाठीची सामायिक संकेतप्रणाली, रुळण्यापूर्वीचा बराचसा मराठी मजकूर एकतर रोमन लिपीत लिहिलेला आहे किंवा विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत अडकलेला आहे, आणि त्यातला दुसरा प्रकार शोधयंत्राला वाचता येत नाही. म्हणून एकच शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि ऱ्हस्वदीर्घाच्या पर्यायी लेखनासह शोधून पाहावा. गड, किल्ला आणि दुर्ग यांसारखे पर्यायी शब्दही वेगवेगळे वापरून पाहावेत. शोधयंत्रातील दोन सोयी येथे मोलाच्या आहेत. शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घातला की तो जसाच्या तसा शोधला जातो, आणि रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम आणि त्यापुढे संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की शोध त्या एकाच स्थळापुरता मर्यादित राहतो. पुष्कळ गटांची स्वतःची शोधपेटी इतकी निकामी असते, की बाहेरून असा शोध घेणे अधिक बरे.

याखेरीज माग काढण्याची एक जुनी रीत आहे, आणि संशोधक ती ग्रंथांच्या बाबतीत नेहमीच वापरतात. एखाद्या धाग्यात समाधानकारक उत्तर मिळाले की उत्तर देणारी व्यक्ती आणखी कोठे लिहिते, कोणत्या गटाचे दुवे देते आणि कोणाचे म्हणणे प्रमाण मानते, हे पाहावे. दोन-तीन वेळा असा माग काढला की तीच तीच पाच-सात नावे व दोन-तीन ठिकाणे पुन्हा पुन्हा समोर येऊ लागतात आणि त्या विषयाचे खरे केंद्र कोठे आहे ते उमगते. विकिपीडियावरील लेखांना जोडलेली चर्चापाने या कामी फारशी कोणी उघडत नाही, हे नवल आहे. लेखात एक निःशंक वाक्य दिसते, त्यामागे कोणत्या साधनांवरून किती वाद झाला हे चर्चापानावर कळते आणि वाद घालणाऱ्यांची ओळखही तिथेच होते. 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सर्वसाधारण चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे नाव आहे.

भारतीय रेल्वेच्या चाहत्यांचा ‘आयआरएफसीए’ हा गट या सर्व विवेचनाचा चांगला नमुना आहे. अमेरिकेत राहणाऱ्या काही भारतीयांनी 1989 च्या सुमारास आपसांतील ईमेलच्या देवाणघेवाणीतून तो उभा केला आणि पुढे त्यातील चर्चांचे सार काढून नेहमीच्या प्रश्नांचा एक विस्तृत संग्रह रचला. ‘डब्ल्यूडीएम-2’ या इंजिनाच्या नावातील पहिले अक्षर ब्रॉडगेज, दुसरे डिझेल आणि तिसरे प्रवासी व माल अशी दोन्ही कामे दर्शविते, येथपासून सिग्नलांच्या पद्धतींपर्यंत असंख्य गोष्टी त्यात व्यवस्थित लावलेल्या आहेत. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने का लावतात, या प्रवाशांच्या नेहमीच्या कुतूहलाचे उत्तर भोरघाटातील 37 फुटांना 1 फूट या चढात आहे. परंतु अशा गटात त्या उत्तरावर चर्चा थांबत नाही, तर ब्रेकची व्यवस्था, घाट उतरणाऱ्या गाडीवर ठेवावयाचे नियंत्रण, आणि ते सुटलेच तर गाडी वळवून घेणाऱ्या बाजूच्या चढत्या मार्गापर्यंत ती पोहोचते. नेहमीच्या प्रश्नांचा असा संग्रह ज्या गटाने तयार केला आहे, तिथे कोणीतरी जुने धागे वाचतो, निवडतो आणि दुरुस्त करतो, एवढे निश्चित समजावे.

ही प्रथा मुळात यूजनेटवर रूढ झाली. यूजनेट म्हणजे 1980 मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांच्या संगणकांना जोडून सुरू झालेली, विषयवार विभागलेली चर्चांची व्यवस्था. तिथे दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, तेच ते प्रश्न विचारीत आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथली रीत शिकून घेत. 1993 पासून मात्र व्यापारी कंपन्यांचे ग्राहक बारा महिने लोटू लागले आणि तो सप्टेंबर पुढे कधी संपलाच नाही, अशी जुन्या सदस्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. तक्रारीत थोडा तुसडेपणा आहे हे मान्य केले तरी तिच्यातले निरीक्षण खरे आहे: नव्या सदस्यांना सामावून घेण्याची गटाची गती आणि त्यांच्या येण्याची गती यांचा मेळ तुटला की चर्चेचा दर्जा ढासळतो. एकाएकी प्रसिद्धी मिळालेल्या गटात प्रवेश घेताना हे लक्षात ठेवावे.

मराठीत ‘मायबोली’ 1996 पासून आणि ‘मिसळपाव’ 2007 पासून चालू आहे. पुढे ‘ऐसी अक्षरे’ हे संस्थळही त्यांच्या पंगतीत आले. ही स्थळे एका विषयाची नाहीत, आणि म्हणूनच अनेक जण त्यांना गप्पांचे अड्डे समजून सोडून देतात. पण पाककृती, भटकंती, बागकाम, भाषा, अर्थव्यवहार अशा विषयांवरचे जे जुने धागे त्यांच्या पोटात दडलेले आहेत, त्यांतील काहींची खोली स्वतंत्र गटांनाही साधलेली नाही. येथे एक तांत्रिक बाब जाणून घेणे आवश्यक आहे. ‘मायबोली’वरील गप्पांची काही पाने ‘वाहती’ असतात, म्हणजे नवे प्रतिसाद येतील तसतसे जुने नाहीसे होतात, आणि धागे मात्र टिकून राहतात. त्यामुळे गंभीर माहिती वाहत्या पानावर विचारणे किंवा देणे म्हणजे ती गमावण्याची तयारी ठेवणे होय. या स्थळांवर एकच व्यक्ती दुसऱ्या नावाने खाते काढून स्वतःच्याच मताला दुजोरा देते, तेव्हा त्या खात्याला ‘डुआयडी’ म्हणतात. एखाद्या वादग्रस्त धाग्यावरील एकमत फारच उत्साही दिसले तर हा शब्द आठवावा.

गट सापडल्यावर लगेच सदस्य होऊन लिहू लागण्याची घाई करू नये. जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने 2006 मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार अशा समूहांत सुमारे 90 टक्के लोक केवळ वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात आणि 1 टक्का लोक बहुतांश मजकूर निर्माण करतात. आकडे काटेकोर मानू नयेत, पण वाचनमात्र राहण्यात काही कमीपणा नाही आणि गटाची प्रकृती मूठभर माणसांवर ठरते, एवढे त्यातून घ्यावे. पारख करण्याचा सर्वांत विश्वासार्ह उपाय म्हणजे ज्या पोटविषयात आपले ज्ञान पक्के आहे त्यावरील जुने धागे प्रथम वाचणे. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींबाबत तिथले जाणकार चुकत असतील आणि त्यांना कोणी हटकत नसेल, तर आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींबाबत त्यांच्यावर विसंबण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर एखाद्या ज्येष्ठ सदस्याची चूक नवख्याने दाखवून दिल्याचा प्रसंग शोधावा. ज्येष्ठाने ती मान्य केली, निदान पुरावा मागितला, तर तो गट दीर्घकाळ उपयोगी पडेल. नवख्यालाच झोडपले गेले, तर तिथली विद्वत्ता कितीही असली तरी शिकणाऱ्याने दूर राहिलेले बरे.

अनुत्तरित प्रश्नांकडेही पाहावे. सोप्या प्रश्नांना भरघोस उत्तरे आणि अवघड प्रश्नांवर शांतता असे चित्र असेल तर जाणकार केव्हाच निघून गेलेले असतात. तसेच ज्या गटात प्रत्येक अडचणीचे उत्तर एखादे विकत घेण्याजोगे उत्पादन असते, तिथे उत्तर देणाऱ्यांच्या पोटापाण्याची चौकशी करणे अनुचित नाही. शेतीची औषधे, कॅमेरे आणि गुंतवणूक या तीन विषयांत तर ती अगत्याने करावी. नियंत्रक, म्हणजे नियमबाह्य मजकूर काढण्याचा अधिकार असलेले सदस्य, कडक असणे हा दोष नव्हे. 2008 मध्ये सुरू झालेले ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे संगणक-आज्ञावलींविषयीचे स्थळ आधी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला की तो बंद करून जुन्या उत्तराकडे पाठविते, आणि नवागतांना हे तुटक वाटले तरी त्यामुळेच एकेका प्रश्नाचे सुधारत गेलेले उत्तर एका जागी राहते. नियम लिहिलेले आहेत का आणि ते मित्रांनाही लागू होतात का, एवढेच पाहावयाचे असते.

व्हॉट्सॲपवरील समूह या विवेचनात कोठे बसतात, असा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे, कारण आज द्राक्ष-डाळिंबांपासून वंशावळींपर्यंत पुष्कळ चर्चा तिथेच होते. तातडीच्या गरजेला, म्हणजे उद्या फवारणी करावी की नाही यासारख्या प्रश्नाला, ते निःसंशय उपयोगी आहेत. मात्र एका समूहात 1024 सदस्यांची मर्यादा असते, बाहेरच्या माणसाला तिथले काही शोधता येत नाही, नव्याने आलेल्याला सहसा मागचे वाचता येत नाही आणि चुकीचा संदेश पुढे ढकलला गेल्यावर त्याची दुरुस्ती त्याच्या मागे धावत पोहोचेलच असे नाही. प्रारंभी सांगितलेल्या कसोटीवर ते येथेच कमी पडतात. तरीही ज्या समूहातील कोणी चर्चांचा सारांश काढून उघड्या स्थळावर ठेवतो, तो समूह अपवाद मानून धरून ठेवण्यासारखा आहे.

सदस्यत्व घेतल्यानंतर मिळणाऱ्या उत्तराचा दर्जा पुष्कळसा प्रश्नावर अवलंबून असतो. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘ईफ्लोरा ऑफ इंडिया’ या गटात वनस्पती ओळखण्यासाठी छायाचित्र पाठविणाऱ्याकडून ठिकाण, तारीख, झाडाची ठेवण आणि फूल, पान, फळ यांची वेगवेगळी चित्रे अपेक्षित असतात. कारण पावसाळ्यात कासच्या पठारावर दिसलेली वनस्पती आणि मे महिन्यात मुंबईच्या बागेत दिसलेली वनस्पती यांच्या संभाव्य नावांच्या याद्याच भिन्न असतात. ही शिस्त कोणत्याही विषयाला लागू पडते. आपण काय पाहिले, काय करून पाहिले, कोठे शोधले आणि स्वतःचा तर्क काय आहे, हे क्रमाने लिहावे. आणि मूळ अडचण लपवून, तिच्यावर आपणच मनाशी ठरविलेल्या उपायाविषयी विचारू नये. पानावरच्या डागावर अमुक औषध किती प्रमाणात मारावे असे विचारणाऱ्याला प्रमाण सांगणारा भेटेल, पण तो डाग त्या औषधाने जाणारा नाही हे सांगण्याची संधी कोणाला मिळणार नाही. उत्तर लागू पडले की नाही, ते धाग्यात परत येऊन नोंदविण्याचे सौजन्य फार थोडे लोक दाखवितात, आणि जे दाखवितात त्यांच्या पुढच्या प्रश्नाला जाणकार आवर्जून वेळ देतात.

गट कायमचे नसतात, याची तयारी आरंभापासून ठेवावी. ‘ऑर्कुट’ 2014 मध्ये बंद झाले. ‘याहू ग्रुप्स’वरील मजकूर 2019 च्या अखेरीस काढला गेला आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली, त्यासरशी असंख्य छोट्या विषयांची वर्षानुवर्षांची चर्चा दिसेनाशी झाली. 2023 च्या जूनमध्ये ‘रेडिट’वरील हजारो गटांनी कंपनीच्या नव्या शुल्काच्या निषेधार्थ काही दिवस दरवाजे लावून घेतले, तेव्हा एरवी सहज सापडणारी उत्तरेही अडकून पडली. म्हणून महत्त्वाच्या धाग्याचा नुसता दुवा जपून ठेवण्यावर भागवू नये. उघडा धागा असेल तर ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’वर त्या पानाची प्रत साठविता येते, लांब धाग्याची पाने एकेक करून साठवावी लागतात, आणि छायाचित्रे मूळ आकारात स्वतःकडे वेगळी ठेवावीत. बंद गटातील उत्तर अशा रीतीने साठविता येत नाही. तिथे उत्तर देणाऱ्याची अनुमती घेऊन, त्याने सांगितलेली साधने आणि तारीख नमूद करून, ते एखाद्या उघड्या धाग्यात उतरवून काढावे.